खऱ्याचा नाद

सिनेमावरचा माझा विश्वास उडाला तो आतोबांमुळे. आत्या वाईला दिलेली. २००३ साली ‘गंगाजल’ आला, आम्ही सगळे साताऱ्यात बघायला गेलो, आणि बिहारमधल्या तेजपूर नावाच्या गावात खवळलेला जमाव धावत आला तेव्हा तिसऱ्या रांगेत आतोबा होते. हातात काठी, डोक्याला गमछा. वाईत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. बिहारात गेल्यावर माणूस असा पेटलेला. शेजारी बसलेली आत्या एवढंच म्हणाली, “तो गमछा नाही, आमचा टॉवेल आहे.”

पुढच्या वर्षी ‘स्वदेस’ आला आणि मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशात गेला. २०१० मध्ये ‘दबंग’साठी वाईही तिकडेच गेली, लालगंज नावानं. २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्स्प्रेस’ आला तेव्हा वाई थेट तमिळनाडूत! मी शाळेत भूगोल शिकवतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, एवढं पोरांच्या डोक्यात बसवायला मला पंधरवडा लागतो, आणि इथे वाईच्या घाटावरची तीच नदी जागची न हलता तीन राज्यांतून वाहून येते. थिएटरमधून बाहेर पडताना मी बायकोला म्हणालो, “जिथे वाई हे तमिळनाडू असू शकतं, तिथे त्या दोघांच्या प्रेमावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?”

ती म्हणाली, “तुम्ही पिक्चर बघायला येता की तपासणीला?”

तरी मी पिक्चर बघत होतो. सुटला तो लॉकडाऊनमध्ये. एका दुपारी मोबाईलवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ लागलं. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये केलेला हा माहितीपट. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर नावाचा माणूस स्थानिक सिनेमे काढतो. ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती त्यानं आधीच काढलेली आहे आणि आता त्याला सुपरमॅन उडवायचा आहे. सुपरमॅन कोण, तर शफीक नावाचा काडीसारखा यंत्रमाग कामगार. त्याला आडवं धरून उडवतात, मागे हिरवं कापड लावतात, आणि एका प्रसंगी कॅमेराच पाण्यात पडतो. मी हसून हसून गादीवरून खाली आलो. मग कळलं की तोंडाच्या कॅन्सरनं तो शफीक फार दिवस राहिला नाही. मी गादीवर परत चढलोच नाही, तसाच फरशीवर बसून राहिलो. त्यात मालेगावच्या जागी मालेगावच होतं, हे माझ्यातल्या भूगोलाच्या मास्तराला फार लागलं.

तिथून नाद लागला. नाद वाईट नव्हता. वाईट हे की मी तो दुसऱ्यांना लावायला निघालो.

दारू पिणारा दुसऱ्याला निदान एकदाच आग्रह करतो. मी न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना सांगायचो की आपल्या देशातल्या सिनेमाची सुरुवातच मुळी खऱ्यापासून झाली. १८९९ मध्ये सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईत हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला अजून चौदा वर्षं होती! वस्तरा हवेत थांबला. “मग कोण जिंकलं?” आमच्या भागात कुस्ती म्हटल्यावर दुसरा प्रश्न नसतो. मी निकाल वाचलेला नव्हता. वस्तरा खाली आला तो जरा नाराजीनंच आला.

एका तेराव्याच्या पंगतीत पानात मटाराची उसळ आली. झालं! फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि दाण्याचा वेल होताना पडद्यावर भराभर दाखवला, ते बघूनच त्यांना भांडवल देणारा माणूस तयार झाला. हे सगळं मी शेजारच्या पानावरच्या गृहस्थांना इतकं तपशिलात सांगितलं की त्यांची उसळ गार झाली. ते गेलेल्यांचे सख्खे भाऊ होते, हे मला हात धुताना कळलं.

लोक मला बघून रस्ता बदलायला लागले असं बायको म्हणते. मला तसं वाटत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर रस्ते पुष्कळ आहेत, लोक कुठूनही जाऊ शकतात.

ज्यांनी रस्ता बदलला नाही त्यांनाही फळ मिळालं नाही. शेजारच्या निवृत्त जमादारांना मी ‘माय ऑक्टोपस टीचर’ सुचवला. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात एक माणूस वर्षभर रोज बुडी मारून एका ऑक्टोपसला भेटायला जातो. त्या माहितीपटाला २०२१ चं ऑस्कर मिळालं. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याला घरी कोण नव्हतं का?” बायकोलाही मी हा किमान सहा वेळा सांगायला घेतला. प्रत्येक वेळी शेवट यायच्या आत कुकरची शिट्टी तरी व्हायची किंवा तिला माहेरचा फोन तरी यायचा. ती बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासते. म्हणते, “मी दिवसभर डॉक्युमेंटच बघते. घरी आल्यावर डॉक्युमेंट्री नको.” मालेगावच्याच गोष्टीवर पुढे ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ नावाचा पिक्चर निघाला, २०२५ मध्ये आला, तो मात्र तिनं मैत्रिणींबरोबर बघितला आणि रडून आली. मी गेलो नाही. खरा शफीक बघितलेला असताना नट कशाला बघायचा? हे मी तिला तत्त्वाच्या सुरात सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, “मग मी रडले ते खोटं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी फाळक्यांचा वाटाणा काढला.

दोनतीन माहितीपट मात्र मी टपरीवर सांगत नाही. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ त्यांतला एक. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षं कॅमेरा लावून बसलेल्या माणसाचं ते काम. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ दुसरा, पत्रकार पी. साईनाथांचं बोट धरून विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरी नेणारा. हे बघून झाल्यावर मला दोन दिवस काही सुचवावंसं वाटत नाही, आणि घरात ते दोन दिवस सणासारखे जातात.

आणि ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा, २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजलेला. जत्रांमधून फिरणाऱ्या आपल्याच टुरिंग टॉकीजचा. लहानपणी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या जत्रेत मी अशाच तंबूत बसलोय. पुढे जागा नाही म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला. तिथून सगळं दिसायचं, फक्त उलटं. नायक डावखुरा, पाट्या आरशात बघितल्यासारख्या. माहितीपटात गंजलेला ट्रक, रीळ अडकलेलं यंत्र आणि त्या यंत्राच्या पोटात हात घालून बसलेला म्हातारा कारागीर बघताना मला त्या तंबूतल्या मातीचा वास आला. हा मी आईला दाखवला. तिनं सगळा बघितला आणि शेवटी विचारलं, “पण ह्यात पिक्चर कुठला होता?”

इथे थांबायला हवं होतं. पण गणपती आले. सोसायटीच्या मंडळानं पाचव्या दिवशी पडदा लावून पिक्चर दाखवायचं ठरवलं आणि निवड, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, माझ्याकडे दिली. गंभीर नको, विनोदी हवं, अशी अट. मी ‘कटियाबाज’ निवडला. कानपूरचा लोहा सिंग नावाचा गडी, खांबावर चढून तारेवर आकडा टाकून लोकांना वीज जोडून देणं हा त्याचा धंदा. समोर वीज कंपनीच्या कडक बाई. धमाल आहे. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की पुढच्या रांगेतलं कार्यकारी मंडळ हसत नाहीये. मागच्या रांगा मात्र वाजवीपेक्षा जास्त हसतायत आणि मांडवाच्या मागच्या खांबाकडे बोटं दाखवतायत. आमच्या मांडवाची वीज कुठून घेतली आहे, हे सगळ्या सोसायटीत फक्त मला माहीत नव्हतं. त्यात त्या दिवशीच्या आरतीचे मानकरी वीज खात्यातून निवृत्त झालेले साहेब. विसाव्या मिनिटाला कुणीतरी पडदाच सोडला आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. मोदकाचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात फक्त केळीचं पान होतं.

शहाणा माणूस यातून गप्प बसायला शिकतो. मी असा निष्कर्ष काढला की लोकांना परका माहितीपट नको, आपला हवा. म्हणजे मीच काढायला हवा.

मोबाईलचं तिकाटणं आणलं, खिशाला लावायचा माइक आणला, आणि पहिला प्रयोग मेणवलीला केला. सकाळची वेळ, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागचा घाट, पायरीवर एक आजी धुणं धुतायत. मी लांबून कॅमेरा लावला. आजींनी न बघताच विचारलं, “कुठला मुलूख हाय?”

“म्हणजे?”

“पदर कसा घेऊ? बिहार असंल तर उजव्या खांद्यावनं घ्यावा लागतो.”

मी म्हणालो, “नको नको, तुम्ही आहात तशाच राहा. मेणवलीच्याच.”

आजींनी कपडा आपटला. “म्हंजी पैसं न्हाईत.”

त्या दिवशी मला घाटावर मेणवलीचा म्हणून एकही माणूस मिळाला नाही. एक पोरगा तमिळ बोलून दाखवायला तयार होता.

हे मी पुण्यात शिकणाऱ्या पुतणीला सांगितलं तर ती म्हणाली, “काका, तुमचं ते शंभर टक्के खरं असं काही नसतंच.” मग तिनं मला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’चं प्रकरण ऐकवलं. १९२२ चा, माहितीपटांचा आजोबाच म्हणायचा. बर्फात राहणारा नानूक भाल्यानं शिकार करतो. प्रत्यक्षात ती माणसं तोवर बंदुका वापरत होती. बर्फाचं घर एका बाजूनं कापून उघडं ठेवलेलं, आत उजेड यावा म्हणून. त्याची बायको म्हणून दाखवलेली त्याची बायको नव्हती. त्याचं नाव तर नानूकसुद्धा नव्हतं! मी सहा महिने हाच चित्रपट पुरावा म्हणून वापरत होतो. वाई निदान खोटं बोलून पैसे तरी घेते, असं मनात आलं, पण मी नेहमीप्रमाणे सोयीचा तेवढा अर्थ घेतला: थोडंफार पुन्हा करवून घेतलेलं चालतं.

आणि मला हरिपूर आठवलं. माझी सासुरवाडी. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर. तिथे हळद जमिनीखाली पेवांत साठवायचे. चांगलं वीसपंचवीस फूट खोल, वर मडक्यासारखं अरुंद तोंड, आत पसरत गेलेलं पोट. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं राहिली तरी कीड नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली बहुतेक पेवं गेली. सासऱ्यांची हळदीची अडत होती आणि घरामागच्या जागेत त्यांचं एक पेव अजून आहे, झाकलेलं. पाव तासाचा का होईना, विषय सोन्यासारखा होता. नुसत्या रंगानंच सोन्यासारखा.

मी लगेच फोन लावला. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. म्हणालो, “मामा, मे महिन्यात येतोय. पेवाची डॉक्युमेंट्री करायचीय.”

पलीकडे जरा वेळ नुसती शांतता. मग, “पेवाचं?”

“हो. पेवाचं आणि मागच्या सगळ्या जागेचं.”

“बरं,” मामा म्हणाले. “या.” एरवी ते जेवायला काय करू विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

रेल्वेनं निघालो. कराड सुटल्यावर मी डब्याला उद्देशून सुरुवात केली: आता शेणोली येईल. ७ जून १९४३ ला इथे प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं इंग्रज सरकारचे पगार घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली. त्यातले कॅप्टन भाऊ, कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्यावर साईनाथांच्या ‘परी’ या संकेतस्थळानं केलेली छोटी फिल्म सगळ्यांनी बघायलाच पाहिजे. तेव्हा हे सगळं सातारा जिल्ह्याचं आणि औंध संस्थानाचं राजकारण. सांगली जिल्हा झालाच नव्हता, १९४९ ला झाला तोही दक्षिण सातारा या नावानं, म्हणजे मी तसा सासुरवाडीला नाही, आमच्याच दक्षिणेला चाललोय. समोरचे गृहस्थ भडंग खाता खाता म्हणाले, “शेणोली गेली की मागं. तुम्ही बोलत होता तवा.”

हरिपुरात आम्ही पोचलो तर मेहुणा घरी. सीझन नसला तरी हा माणूस दुपारचा मार्केट यार्डातून घरी आलेला मी लग्नापासून बघितलेला नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट. टेबलावर एक प्लास्टिकची फाईल. मामींनी पाणी दिलं, पण “दमलासा का” नाही म्हणाल्या. मला वाटलं, कॅमेऱ्यासाठी घर आवरून ठेवलंय, म्हणून सगळे जरा अवघडलेत. मी मनातल्या मनात खूश झालो.

बायको मामींबरोबर स्वयंपाकघरात गेली. मी पडवीत तिकाटणं उभं केलं, मोबाईल लावला, उजेड कसा पडतोय बघायला चित्रण सुरू केलं, आणि चहा आला म्हणून ते बंद करायचं विसरलो.

मामांना मी सांगलीचा खरा माणूस मानतो. म्हणजे नाटकातला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावात कुणी साधं बोलत नाही. मामा हौशी रंगभूमीवर तीस वर्षं होते. भाजीवाल्याला भाव विचारतानाही आधी पॉज घेतात. आज मात्र ते सरळ बोलायला लागले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आधी पेवाची माहिती दिली. “तोंड उघडलं म्हणून लगेच वाकून बघायचं नसतं. आत हवा कोंडलेली असते. ती जाऊ द्यायची, मग गडी उतरवायचा. ह्यात माणसं दगावल्यात.” मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आता पावणं, सरळ सांगा. नेमकं किती पाहिजे?”

“जास्त नाही मामा,” मी म्हणालो. “अर्धा पुरे.” मला अर्धा तास म्हणायचं होतं.

मेहुण्यानं बशी खाली ठेवली. “अर्धा?”

“तसं घेताना जास्तच घ्यायचं असतं. नंतर कापायचंच आहे.”

“कापणार कोण?”

“मीच. दुसऱ्याच्या हातात दिलं की वाट लागते.”

“आणि नाव?” मामांनी विचारलं. “नाव कुणाचं लागणार?”

“माझं,” मी विनयानं म्हणालो. “हिचंही लावू. तुम्हा सगळ्यांची नावं शेवटी आभारात टाकतो.”

कुणी काहीच बोललं नाही. मला वाटलं, भारावले. माहितीपटवाले ज्यांचं चित्रण करतात त्यांची आधी लेखी संमती घेतात असं मी वाचलं होतं. मीही मराठीत एक नमुना करून, झेरॉक्स काढून आणला होता. तो मी आता मामांपुढे ठेवला. “ह्याच्यावर तुमची सही लागेल. नंतर भानगड नको.”

मेहुण्यानं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला. “मी खाली सही करणार, कोणत्याही दडपणाशिवाय, सदर पेव व परिसर याच्या चित्रणावरील सर्व हक्क...” तिथं तो थांबला. “सर्व हक्क?” त्यानं आधी माझ्याकडे, मग तिकाटण्याकडे बघितलं. “दाजी, म्हणून हे उभं केलं व्हय? पुरावा करायला?”

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “मी म्हटलं नव्हतं? फोनवर स्पष्ट म्हणाले, डाकुमेंट करायचंय पेवाचं!”

सांगली आता हरिपुरापर्यंत येऊन भिडली आहे. तिथे गुंठ्याचा भाव काय झालाय हे भूगोलाच्या मास्तराला माहीत नसलं तरी बाकी सगळ्यांना माहीत असतं. मला पहिल्यांदा अंगाला घाम सुटला तो तिथे. मी घाईघाईनं फिल्मबद्दल, कानबद्दल, वाटाण्याबद्दलसुद्धा बोललो. पण मेहुण्यानं फाईल उघडली होती. “आम्ही बी कागद तयार ठेवलाय,” म्हणत त्यानं स्टॅम्पपेपर टेबलावर ठेवला. हक्कसोडपत्र. सगळं टाईप केलेलं, फक्त बहिणीच्या सहीची जागा मोकळी.

बायको हात पुसत बाहेर आली. तिनं तो कागद उचलला. आपण वाचतो तसा तिनं तो वाचला नाही. बँकेत बघतात तसा आधी उलटा करून स्टॅम्पविक्रेत्याचा शिक्का बघितला.

“हा दिवाळीत घेतलेला आहे,” ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही.

“ह्यांचा फोन गेल्या रविवारी आला. हा कागद दिवाळीतला आहे. भाऊबीजेला मी इथंच होते.”

मेहुणा फाईलचं बटण लावत बसला. मामांनी चष्मा चढवला, परत काढला. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाला हात कुठे ठेवायचे ते सुचत नव्हतं.

“२००५ पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आप्पा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

“२००५ ला पूर आला,” मामा हळूच म्हणाले. “मला तेवढंच आठवतं.”

“कायदा पण त्याच वर्षी आला.”

मामी दारात उभ्या होत्या. पदराला हळद लागलेली. त्यांनी लेकीकडे बघितलं, लेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “माझ्या बापाकडं मी न विचारता सही केली होती. कुठल्या कागदावर, ते अजून म्हाईत नाही.” आणि आत जाऊन भाकरी थापायला लागल्या. नंतर बराच वेळ तेवढा एकच आवाज होता.

पेव उघडायचा विषय कुणी काढला नाही. जेवणं झाली. रात्री अंथरुणावर मी मोबाईल बघितला, तर सगळं चित्रित झालेलं. चौदा मिनिटं. उजेड उत्तम होता, पडवीतला उतरता. आवाज स्वच्छ. कुणी पदर सारखा केलेला नाही, कुणी पॉज घेतलेला नाही. इतकी वर्षं मी जे लोकांना बघा बघा म्हणून सांगत फिरत होतो ते माझ्या हातात होतं. त्यातलं सगळ्यात वाईट काम माझंच होतं. दहाव्या मिनिटाला मी चक्क वाटाण्याचा वेल हातानं करून दाखवतोय.

बायकोनं माझ्या खांद्यावरून सगळं बघितलं. मग म्हणाली, “पुसून टाका.”

“नुसतं आपल्यासाठी ठेवूया—”

“आईचा चेहरा आहे त्यात. पुसा.”

पुसलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. हक्कसोडपत्र मामांनी निघताना स्वतःच फाईलमधून काढून आतल्या कपाटात ठेवलं होतं. त्याचं पुढे काय, ते ना त्यांनी सांगितलं, ना तिनं विचारलं. किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली. शेणोली आली तेव्हा मी गप्प होतो, त्यामुळे या खेपेला स्टेशन दिसलं. कराडला चहा घेतला. गाडी हलल्यावर तिनं विचारलं, “खरंच पुसलं ना?”

“खरंच.”

“बरं.” मग थोड्या वेळानं, “तो तुमचा ऑक्टोपस. शेवटी काय होतं त्याचं?”

“मादी असते ती,” मी म्हणालो. “अंडी घालते आणि मरते.”

“मग तो नको,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ बघितला. हक्कसोडपत्रावर तिनं अजून सही केलेली नाही.